चार नंबर रिकामी

"समुद्र आपल्याला मिळतो तो नेहमी लोकांनी वापरून झाल्यावरच," काकू म्हणाली आणि तिने गाडीची काच खाली केली.

"काकू, काच!" सून जवळजवळ ओरडलीच. तिच्या मांडीवर डोकं टेकून तिची पाच वर्षांची लेक मुंगी झोपली होती. बाहेर सफाई कामगारांनी उत्सवाच्या कागदी पताका आणि पुठ्ठे एका ढिगात पेटवून दिले होते.

काकूने घाईघाईने काच वर केली. "चुकलं बाई. तुझं नाक आहे की धुराची घंटा?"

"पाच वर्षं झाली, काकू. घंटाच झालीय आता."

मुंगीचा श्वास नीट चालला होता. सुनेने सवयीने तिच्या छातीवर तळवा ठेवून वीस मोजले, मग पर्समधला दम्याचा पंप चाचपला, आणि मग कुठे खिडकीबाहेर पाहिलं. तीन दिवस या गावात पाय ठेवायला जागा नव्हती. आता समुद्रावरच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. भाड्याच्या खुर्च्या एकात एक घालून रचल्या होत्या, एक माणूस शिडीवर चढून दिव्यांच्या माळा उतरवत होता, आणि आईस्क्रीमवाला आपल्या बंद टपरीसमोर बसून पहिल्यांदाच स्वतः आईस्क्रीम खात होता.

उत्सव संपला की सोमवारी घरच्यांनी यायचं, हा आत्याचा जुना शिरस्ता. सात खोल्या गिऱ्हाइकांनी भरलेल्या असताना नातेवाईक नकोत. ते गेले की या, चादरी धुवायला हात लावा, आणि मग समुद्र सगळा तुमचाच. आत्याचे यजमान गेल्यावरही तिने ते विश्रामगृह एकटीने चालवलं, आणि सोमवार कधी चुकला नाही.

आजचा सोमवार मात्र वेगळा होता, आणि तो वेगळा केला होता सुनेने.

शनिवारी सकाळी तिने सहज फोन केला होता. आत्या म्हणाली, रात्री व्हरांड्यात झोपले गं. दोन नंबरची चावी चुकून दोन कुटुंबांना दिली गेली, मग एकाला माझी खोली दिली. "मग चार नंबर?" सुनेने विचारलं. "चार नंबर रिकामी आहे." "रिकामी? आणि तुम्ही व्हरांड्यात?" त्याचं उत्तर आत्याने टाळलं. मग मुंगीला आता कितवं लागलं असं तिने विचारलं, आणि दोन मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं.

दुपारपर्यंत सून घरात येरझाऱ्या घालत राहिली आणि शेवटी तिने काकांना फोन केला. काका म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ. सबंध आयुष्य त्यांनी शाळांची तपासणी करण्यात घालवलं. घरात त्यांचं नावच तपासनीस. आता ते पुढच्या सीटवर, गाडी चालवणाऱ्या पुतण्याच्या शेजारी, मांडीवर वही घेऊन ताठ बसले होते.

"आज ठरवून टाकायचं," ते म्हणाले. "उद्या निघताना ताई आपल्यासोबत गाडीत असेल. घराला कुलूप."

"तिला विचारायला नको?" सुनेच्या नवऱ्याने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"विचारून कोण आलंय? तुझ्या बायकोनेच सांगितलंय ना सगळं? सत्तरी ओलांडलेली बाई, घरात रिकामी खोली असताना उघड्यावर झोपते. याला काय म्हणायचं, सांग."

नवऱ्याने आरशातून सुनेकडे पाहिलं. तिने मुंगीच्या कपाळावरचे केस बाजूला केले. ते आधीच बाजूला होते.

*

"आलात? उशीर केलात," आत्या दारातच म्हणाली. "बाबू, गाडीची किल्ली ठेव आणि सामान वर ने. सूनबाई, पोरगी झोपलीय तर थेट चार नंबरमध्ये ने, तुमची खोली तीच. काकू, तुम्ही गच्चीवर. बेचाळीस चादरी वाळून कडक झाल्यात. साहेब, तुम्ही खुर्चीत बसा आणि कोणाच्या पायात येऊ नका."

"मी घर बघतो जरा," काका म्हणाले.

"बघा की. मी चालवते ते तुम्ही बघा."

गच्चीवर वारा होता. काकूने एका चादरीची दोन टोकं धरली, आत्याने दोन. मागे सरायचं, ताणायचं, झटकायचं, कोपऱ्याला कोपरा मिळवत पुढे यायचं. काकूला हे काम डोळे मिटून येत होतं. मागे थोरल्या दादांच्या, म्हणजे सुनेच्या सासऱ्यांच्या, आजारपणात नणंद-भावजयीचं कडाक्याचं भांडण झालं होतं. पुढची दोन वर्षं दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. पण त्या दोन्ही वर्षी सोमवारच्या चादरींच्या घड्या त्यांनीच घातल्या होत्या. चादरीला दोन माणसं लागतात. ती बोलती असायला लागतात असं नाही.

"वन्सं, गुडघे कसे आहेत?"

"आहेत. दोन्ही आहेत. बाम चोळते रात्री." आत्या पुढे आली, तिने काकूच्या हातातली टोकं घेतली. "तपासनीस वहीत काय लिहितोय?"

"सवय हो त्यांची. आमच्या लग्नाच्या फोटोमागेसुद्धा शेरा लिहिलाय. 'समाधानकारक'."

आत्या खळखळून हसली. मग हसू ओसरलं आणि ती नुसती चादरीच्या काठाकडे बघत राहिली. "मला न्यायला आलाय ना?"

काकूने पुढची चादर ओढली. तिला हो म्हणायचं होतं. गाडीत बसेपर्यंत तिचं नवऱ्याशी एकमत होतं; म्हाताऱ्या माणसाला असं एकटं ठेवून आपण सुखाने झोपायचं, हे काही खरं नाही. पण आत्याचे हात पाहताना तिला भलतंच दिसायला लागलं. आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत या हातांना काय मिळणार? दोन माणसांच्या दोन चादरी. त्या तर काकू एकटीच वाळत घालते.

"मला विचाराल तर," ती म्हणाली, "मी आज फक्त चादरींना आलेय."

*

खाली काका स्वयंपाकघरात उभे होते. त्यांना पुरावा सापडला होता, आणि त्याचा आनंद व्हायला हवा होता.

शेगडीच्या वर भिंतीला चिठ्ठी चिकटवली होती: 'बंद केला का?' मागच्या दाराच्या आतल्या बाजूला: 'कडी.' जिन्याशेजारच्या चाव्यांच्या फळीवर, सात खिळ्यांच्या खाली, जरा मोठ्या अक्षरात: 'कोणाला दिली? लगेच लिही.' अक्षर वळणदार, एकाही ओळीत खाडाखोड नाही. हेच अक्षर बघून बघून त्यांनी पाटीवर पहिला 'ग' गिरवला होता. रडत शाळेत जाणाऱ्या भावाला ताई रोज फाटकापर्यंत सोडायची आणि तो वर्गात शिरेपर्यंत फाटकाचे गज धरून उभी राहायची.

त्यांनी वही उघडली. 'स्मरणशक्ती: चिंताजनक' असं लिहिलं आणि वही मिटली.

*

मुंगीला पलंगावर ठेवून सून श्वास रोखून उभी राहिली. नव्या खोलीत शिरताना ती नेहमीच तसं करायची. आधी नाकाने खोली तपासायची. परक्या खोल्यांना काय काय चिकटलेलं असतं: सिगारेट, अत्तर, फिनेल, बंद कपाटातला दमटपणा, डासांची वडी. आणि हे तर उत्सवानंतरचं विश्रामगृह.

तिने हळूच श्वास घेतला. वास नव्हता.

पुन्हा घेतला. खरंच, कसलाच वास नव्हता. खिडकीतून आलेली खारट हवा, बस्स.

मग डोळ्यांनी शोध सुरू झाला. मागच्या वर्षी इथे जाड पडदे होते. आता नुसता दांडा होता. पलंगाजवळची सतरंजी गायब. कापसाच्या उशीच्या जागी फोमची, नवी, धुतलेल्या अभ्र्यात. गादीवर प्लास्टिकचं आवरण, त्यावर चादर, आणि त्या चादरीलाही गच्चीवरच्या इतर चादरींचा साबणाचा सुगंध नव्हता. भिंतीवरचं ओलीचं काळं वर्तुळ खरवडून तिथे चुना दिला होता. कपाटाची दारं सताड उघडी. बाथरूममध्ये बिनवासाच्या साबणाची एक वडी, आणि फिनेलच्या बाटलीच्या जागी गोल ओला डागसुद्धा उरला नव्हता.

पडदे, सतरंजी, कापूस, साबण, ओल, फिनेल. सून पलंगाच्या कडेवर बसली. ही यादी तिला पाठ होती, कारण ती तिचीच होती. मागच्या हिवाळ्यात मुंगीला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी आत्याचा फोन आला होता. डॉक्टर काय म्हणाले ते सुनेने रडत रडत सांगितलं होतं, काय काय काढून टाकायला सांगितलंय ते एकेक करून. पलीकडून आत्या 'हं, पुढे' एवढंच म्हणत होती. ती लिहून घेत असेल असं तेव्हा मनातही आलं नव्हतं.

चुना वाळायला चार दिवस. खोली हवेशीर व्हायला आणखी चार. म्हणजे उत्सवाच्या आधीपासून ही खोली बंद होती. गाव ओसंडून वाहत असताना, दारात माणसं 'एक खोली द्या हो' म्हणत उभी असताना. आणि मी काय केलं? फोन उचलला आणि सांगितलं, काका, आत्यांचं काहीतरी बिनसलंय.

मुंगी कुशीवर वळली. श्वास ऐकायलासुद्धा कान द्यावा लागत होता, इतका तो हलका चालला होता. सुनेने वीस मोजायला सुरुवात केली आणि सहाशीच सोडून दिली.

*

दुपारचा चहा व्हरांड्यात झाला. समोर समुद्र, मध्ये रिकामा रस्ता, टेबलावर पाव आणि उकडलेली अंडी. काकांनी अंडं संपवलं, हात पुसले आणि वही काढली.

"ताई, स्पष्ट बोलतो."

"तू कधी अस्पष्ट बोललायस? बोल."

"तुला हे झेपत नाही आता. भिंतीभिंतीवर चिठ्ठ्या आहेत. एक चावी दोघांना दिलीस. आणि सगळ्यात कहर म्हणजे एक अख्खी खोली रिकामी ठेवून तू या इथे, या बाकावर झोपलीस. ती रिकामी आहे हे विसरलीस ना? खरं सांग. आम्ही काय परके आहोत?"

आत्याने कप खाली ठेवला. सुनेने पाहिलं, ती मुद्दामच बोलत नव्हती. खोलीचं कारण सांगितलं असतं तर ते उपकार मोजून दाखवल्यासारखं झालं असतं, आणि सुनेलाच खाली बघावं लागलं असतं.

"विसरल्या नव्हत्या," सून म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. नवऱ्याचा पाव हातातच राहिला.

"काका, ती खोली मुंगीसाठी ठेवलीय. पडदे काढलेत, चुना दिलाय, गादीला आवरण घातलंय. डॉक्टरांनी सांगितलेली एकूण एक गोष्ट. लोक राहून गेले असते तर सगळं फुकट गेलं असतं. तुम्ही वर जाऊन बघा. नाही, नका जाऊ, झोपलीय ती."

"बरं," काका म्हणाले. ते गडबडले होते, पण मागे हटणं त्यांच्या पेशात नव्हतं. "खोली ठेवली, मान्य. पण एका रात्रीपुरतं स्वतः आत झोपायला काय हरकत होती? बाकावर कशाला?"

"बाम," आत्या म्हणाली.

"काय?"

"गुडघ्यांना बाम लावते मी. रात्रभर घमघमतो. गादीला बसला की महिनाभर जात नाही." ती जणू क्षमा मागत होती. "बामाशिवाय झोप नाही, आणि बाम लावून त्या खोलीत जाता येत नाही. मग बाक काय वाईट? वारा होता छान."

काकूने तोंडावर हात ठेवला. तिला हसायचं होतं की रडायचं, ते तिचं तिलाच ठरवता येईना. "लिहा," ती नवऱ्याला म्हणाली, "लिहा वहीत. शेरा द्या काहीतरी!"

सून उठली. आत्याच्या खुर्चीशी जाऊन ती जमिनीवरच बसली. "आत्या, काकांना मी फोन केला होता. मीच सांगितलं सगळं. न विचारता, न समजून घेता. मला माफ करा. मुंगी जन्मली तेव्हा तुम्ही घर बंद करून महिनाभर आमच्याकडे राहिलात, एवढ्याशा जिवाला छातीशी धरून बसून राहिलात. त्याचे आभारसुद्धा मानले नाहीत मी कधी. आणि मानायची वेळ आली तेव्हा हे केलं."

"फोन तूच केलास, हे मला माहीत होतं."

"कसं?"

"तुझ्याशिवाय शनिवारी मी कोणाशी बोलले होते?" आत्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "वेडी आहेस. मला राग नाही आला. रात्री या बाकावर पडले होते ना, तेव्हा मनात आलं होतं, की आज आपल्याला काही झालं तर सोमवारपर्यंत घरच्या कोणाला कळणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी तू फोनवर एवढ्याशा गोष्टीवरून घाबरलीस. मला बरं वाटलं गं. कोणीतरी माझे श्वास मोजतंय."

रस्त्यावरून माळा उतरवणारा माणूस शिडी खांद्यावर घेऊन गेला.

"आता साहेब, तुमचं," आत्या म्हणाली. "तुझं सगळंच चूक नाही. चावी मी दोघांना दिली, ती विसरूनच. मुंगीचं वय दोनदा विचारलं, तेही विसरूनच. चिठ्ठ्या कोणी हौसेने लावत नाही. मी काही पहिल्यासारखी राहिलेली नाही."

"मग चल ना, ताई," काकांचा आवाज एकदम लहान झाला. "मी आहे ना. मी सोडेन की तुला कुठे कुठे. फाटकापर्यंत."

आत्याने पावाची बशी त्यांच्याकडे सरकवली. "येईन. पण आज नाही. कधी यायचं ते कसं ठरवायचं, तेवढं आज ठरवू." तिने सुनेचा हात धरला. "ही मला रोज सकाळी फोन करेल. खोल्यांची हजेरी घेईल. कुठल्या खोलीत कोण, चावी कुठे. एक ते सात. मी सांगेन."

"आणि नाही सांगता आलं तर?" काकांनी विचारलं.

"तर 'आठवत नाही' म्हणेन. त्याला काही हरकत नाही. उठेन, बघून येईन, मग सांगेन. पण ज्या दिवशी आठवत नसताना मी थाप मारेन, वेळ मारून नेईन, त्या दिवशी ही ओळखेल. हिच्या नाकातून काही सुटत नाही. त्या दिवशी गाडी घेऊन या सगळे. मी भांडणार नाही. कुलूप मीच लावेन."

काकांनी वहीकडे पाहिलं, मग बायकोकडे. काकू म्हणाली, "अहो, माझ्याकडे काय बघता? मी चादरींना आलेय. आणि दर महिन्याला येईन म्हणते चादरींना. बसने."

"थाप ओळखता येईल तुला?" काकांनी सुनेला विचारलं.

आधीच एकीचे श्वास मोजून सून थकून जायची. रोज सकाळी आणखी एकीचे? नवरा तिच्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत 'नाही म्हण, चालेल' असं होतं, आणि त्याचंही तिला बरं वाटलं. पण तिच्या ज्या पहाऱ्याला सगळं घर हसायचं, जो तिला स्वतःलाही आजारासारखा वाटायचा, तोच कोणीतरी आज तिच्याकडे मागत होतं.

"येईल," ती म्हणाली. "मला ओळखता येईल."

"मग आत्ताच घे," आत्या खुर्चीत सरळ बसली. "पहिली हजेरी. साहेबांसमोरच होऊन जाऊ दे."

"एक नंबर?"

"रिकामी. चावी खिळ्यावर."

"दोन?"

"रिकामी. त्या दोघांपैकी एका कुटुंबाने परत येऊ म्हणून सांगितलंय. दुसऱ्याने शिव्या दिल्यात. चावी खिळ्यावर."

"तीन?"

आत्याने तोंड उघडलं. समोर समुद्र होता, पण तिला तीन नंबरचं दार दिसत होतं. दाराची मूठ, उजव्या हाताची खिडकी. त्यात सकाळी कोण होतं? कोणीतरी होतं. निघताना त्यांनी चावी दिली की दिली नाही? तिने फळीवरचा तिसरा खिळा आठवून पाहिला. कधी त्यावर चावी दिसे, कधी नुसता खिळा. 'खिळ्यावर' म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. बहुतेक खरंही निघालं असतं. भावाने श्वास रोखला होता. भावजयीने त्याच्या गुडघ्यावर हात दाबून धरला होता. सून तिच्याकडे बघत होती, न सुचवता, न घाई करता, जशी ती झोपलेल्या पोरीकडे बघते.

इतके दिवस हे दोन शब्द ती एकटीच, भिंतीकडे तोंड करून म्हणत आली होती.

"आठवत नाही," आत्या म्हणाली.

"बरं," सून उठली आणि तिने हात पुढे केला. "चला, बघून येऊ."

दोघी जिन्याकडे निघाल्या. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काका उठले होते.

"बसा हो," काकू म्हणाली. "त्या बघतायत. तुम्ही तेवढं दुसरं अंडं सोला, मला भूक लागलीय."